आवाजाचे वर्णन कसे करावे : ऐकण्यापासून नेमक्या शब्दापर्यंत

एखाद्याचा आवाज कसा आहे असे विचारले, की आपल्यापैकी बहुतेक जण ‘छान आहे’, ‘गोड आहे’ किंवा ‘भारी आहे’ एवढे सांगून मोकळे होतात. त्यातून सांगणाऱ्याची पसंती कळते, पण ज्याने तो आवाज ऐकलेला नाही त्याच्या हाती काहीच लागत नाही. वास्तविक मराठीत आवाजासाठी शब्दांची ददात नाही. घोगरा, किनरा, चिरका, भसाडा, खणखणीत, पहाडी, कातर, करडा, गेंगाणा, मंजुळ, भारदस्त असे कितीतरी शब्द आपण रोज ऐकतो. अडचण होते ती हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात म्हणून. घोगऱ्याला भसाडा म्हटले जाते, किनऱ्याला चिरका म्हटले जाते आणि सर्दी झालेल्या माणसालाही गेंगाणा ठरवले जाते.

नागपुरात अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्या मंडळींमध्ये वाचकांच्या आवाजांची नोंद ठेवण्याचे काम माझ्याकडे असते. इतिहासाचे पुस्तक कोणाला द्यायचे, लहान मुलांच्या गोष्टी कोणाला द्यायच्या, आधीचा वाचक गावाला गेला तर उरलेली प्रकरणे कोणाच्या आवाजात खटकणार नाहीत, हे त्या नोंदीवरून ठरते. या कामातून जी पद्धत हाताला बसली ती इथे मांडतो आहे. कथा लिहिणाऱ्यांना, नाटकासाठी पात्रे निवडणाऱ्यांना आणि स्वतःच्या आवाजाची तक्रार डॉक्टरांना सांगू पाहणाऱ्यांनाही ती उपयोगी पडेल. तिचे सूत्र असे, की आवाज एकदम न ऐकता क्रमाने ऐकावा: आधी पट्टी, मग भर, मग पोत, मग नाकाचा भाग, मग फेक, आणि भाव सर्वांत शेवटी. माणसाविषयीचे आपले मत या क्रमात कुठेच येत नाही.

ऐकण्याची जागा आणि वेळ

वर्णन चुकते ते पुष्कळदा शब्दामुळे नव्हे, तर आवाज चुकीच्या ठिकाणी ऐकल्यामुळे. नागपुरात एप्रिल ते जून या काळात घरोघरी कूलर चालू असतो आणि त्या घरघरीवरून बोलताना प्रत्येकाचा आवाज नकळत मोठा होतो, शिवाय पट्टीही वर चढते. गोंगाटात बोलणाऱ्याचा आवाज आपोआप चढतो हे एतिएन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ साली नोंदवले आणि तो परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. म्हणून कूलरशेजारी ऐकलेल्या आवाजाला ‘चढा’ म्हणू नये. कूलर बंद करावा, खिडकी लावावी आणि मग ऐकावे. मे महिन्याच्या दुपारी उन्हातून आलेल्या माणसाचा घसा कोरडा पडलेला असतो. त्याला पाणी द्यावे, थोडा वेळ बसू द्यावे. झोपेतून नुकत्याच उठलेल्या माणसाचा आवाज नेहमीपेक्षा खाली आणि जड असतो, तेव्हाही नोंद करू नये.

फोनवर ऐकून वर्णन करण्याचा मोह टाळावा. जुन्या पद्धतीच्या दूरध्वनीवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे जातो, त्यामुळे पुरुषाच्या आवाजातला खालचा भर आणि ‘स’, ‘श’ यांची धार दोन्ही कमी होतात. मायक्रोफोनचेही तसेच. ठरावीक दिशेचा आवाज पकडणाऱ्या मायक्रोफोनच्या अगदी जवळ तोंड नेले, की खालचे सूर फुगतात आणि साधा आवाजही खर्जातला वाटू लागतो. आम्ही सर्व वाचकांना वीतभर अंतरावर बसवतो, ते यासाठीच.

स्वतःच्या आवाजाचे वर्णन करायचे असेल, तर ध्वनिमुद्रण ऐकण्यावाचून गत्यंतर नाही. आपला आवाज आपल्याला हवेतून आणि कवटीच्या हाडांतून असा दुहेरी ऐकू येतो आणि हाडांतून येणाऱ्या भागात खालचे सूर जास्त असतात. त्यामुळे ध्वनिमुद्रित आवाज पातळ आणि परका वाटतो. इतरांना मात्र आपला आवाज साधारण तसाच ऐकू येत असतो.

पहिली पायरी : पट्टी

माणसाला नेहमीच्या सुरात एक ते वीस आकडे म्हणायला सांगावे किंवा सकाळपासून काय काय केले ते विचारावे. आवाज घुटमळून पुन्हापुन्हा ज्या सुरावर येतो, ती त्याची बोलण्याची पट्टी. घरात पेटी असेल तर तो सूर पेटीवर शोधता येतो. प्रौढ पुरुषांचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण शंभर ते दीडशे वेळा कंप पावतात, स्त्रियांचे दोनशेच्या आसपास आणि लहान मुलांचे अडीचशेच्या पुढे. गाणाऱ्यांमध्ये पुरुष बहुधा काळी एकच्या (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) आसपास षड्ज, म्हणजे ‘सा’, लावतात आणि स्त्रिया काळी चार किंवा पाचला, हे संगीताशी परिचय असलेल्या वाचकांना ठाऊक असेल. मात्र गाण्याची पट्टी आणि बोलण्याची पट्टी एक नसते, त्यामुळे गायकाच्या आवाजाची नोंद करतानाही त्याला बोलतेच करावे.

या पायरीवर खर्जातला, मध्यम, वरच्या पट्टीतला आणि टिपेचा एवढे शब्द पुरतात. वयात येणाऱ्या मुलाचा आवाज एका वाक्यात दोनदा खाली-वर होत असेल तर ‘कंठ फुटतो आहे’ असे लिहावे. मुलाचे वय आणि अवस्था दोन्ही त्यात येतात. म्हातारपणी पुष्कळ पुरुषांचा आवाज किंचित वर जातो आणि स्त्रियांचा खाली येतो, म्हणून जुन्या नोंदीवर विसंबून राहू नये.

दोन शब्दांबाबत विशेष काळजी घ्यावी. ‘बारीक आवाज’ म्हटले की एकाला उंच आणि पातळ आवाज कळतो, तर दुसऱ्याला हळू बोलणे. ‘खोल आवाज’ हा शब्द अलीकडे भारदस्त, खालच्या पट्टीच्या आवाजासाठी वापरला जाऊ लागला आहे. पण ‘आवाज खोल गेला’ असे आपण आजाऱ्याविषयी म्हणतो आणि तिथे त्याचा अर्थ क्षीण असा असतो. मी हे दोन्ही शब्द नोंदीत वापरत नाही. खालच्या पट्टीसाठी ‘खर्जातला’ हा शब्द संशयाला जागा ठेवत नाही.

दुसरी पायरी : भर

एकाच पट्टीतले दोन आवाज सारखे वाटत नाहीत, कारण एकात घनपणा असतो आणि दुसऱ्यात नसतो. घन आवाजासाठी भरदार, जाड, भारदस्त, गोल हे शब्द आहेत. पातळासाठी किनरा, पातळ, कृश. किनरा म्हणजे उंच, पातळ आणि लहान घेराचा आवाज. तो फाटलेला असतोच असे नाही. पुष्कळ किनरे आवाज अगदी स्वच्छ असतात आणि मुलांच्या गोष्टींसाठी ते मला फार आवडतात. ‘भारदस्त’ या शब्दात भराबरोबर प्रतिष्ठाही आहे. नागपूर आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले आणि त्यानंतर कित्येक वर्षे रेडिओवरचा आवाज म्हणजे भारदस्त आवाज असे समीकरण घराघरांत होते. त्यामुळे ज्येष्ठ मंडळी हा शब्द कौतुक म्हणून वापरतात, वर्णन म्हणून नव्हे. नोंदीत ‘भरदार’ लिहिणे अधिक सुरक्षित.

तिसरी पायरी : पोत

इथे मात्र थांबून ऐकावे, कारण आवाजाची खरी ओळख पोतात असते आणि शब्दांचा घोळही इथेच सर्वांत जास्त होतो.

स्वरतंतू एकसारखे कंप पावत असतील आणि दर कंपनात नीट मिटत असतील, तर आवाज स्वच्छ, मोकळा, नितळ येतो. त्यात वरच्या स्वरांशांची, म्हणजे मूळ सुरासोबत वाजणाऱ्या उंच सुरांची, समृद्धी असेल तर गवई मंडळी ‘जवारीदार’ म्हणतात. तंबोऱ्याच्या घोडीवरच्या जवारीवरून आलेला हा शब्द बोलण्याच्या आवाजालाही चपखल बसतो. कंपन अनियमित झाले, की खरखर येते. खालच्या पट्टीतली खरखर म्हणजे घोगरा आवाज. त्यात शब्दांच्या तळाशी जात्यासारखी घरघर चालू असते. खालच्या पट्टीत नसलेल्या, पण तसाच पृष्ठभाग असलेल्या आवाजाला खरखरीत म्हणावे. भसाडा आवाज घोगऱ्याहून निराळा आहे. भसाडा म्हणजे मोठा, पसरट आणि सुराला धरून न राहणारा. घोगरा माणूस सुरेल गाऊ शकतो, भसाड्याला ते जमत नाही.

चिरका आणि फाटका या दोघांतही आवाज तुटतो, पण तुटण्याची दिशा वेगळी असते. चिरक्या आवाजात सूर एकाएकी वर उडतो आणि अणकुचीदार होतो. फाटका आवाज जोर लावला की पसरतो आणि त्याच्या कडा सुट्या होतात. हळू बोलताना तो पुष्कळदा ठीक असतो. हे तपासायला एकच वाक्य आधी शेजारच्याला सांगितल्यासारखे आणि नंतर रस्त्यापलीकडच्या माणसाला हाक मारल्यासारखे म्हणायला लावावे. कर्कश हा शब्द तुटण्याविषयी नाहीच. आवाज सलग असूनही कानाला टोचतो, तो कर्कश.

उरला तो हवा मिसळलेला आवाज. स्वरतंतू पूर्ण मिटले नाहीत तर बोलताना हवा निसटते आणि शब्दांभोवती फुसफुस ऐकू येते. याला मराठीत रूढ असा एकच शब्द नाही. मी सरळ ‘आवाजात हवा आहे’ असे लिहितो. घसा बसल्यावर हीच हवा वाढते, पण ती तात्पुरती असते. म्हणून ‘बसलेला’ हे विशेषण आणि कायमचा ‘घोगरा’ हे विशेषण वेगळे ठेवावे आणि बसलेला आवाज नोंदवताना तो कधीपासून बसला आहे तेही लिहावे.

मखमली, रेशमी, मधाळ हे शब्द पोताचेच आहेत आणि जाहिरातींनी ते पार झिजवले आहेत. तरीही मी त्यांना टाकाऊ मानत नाही. ‘मखमली’ म्हणताना बहुधा हवेचा किंचित अंश असलेला, खालच्या-मध्यम पट्टीतला, टोके नसलेला आवाज मनात असतो. तेवढे स्पष्ट लिहिले, की नंतर ‘मखमली’ हा शब्द जोडला तरी चालतो, न जोडला तरी काही अडत नाही. आवाजाच्या गुणदोषांची अशी बारकाईने केलेली वर्गवारी आपल्या मुलखात नवी नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने गायकाच्या आवाजाचे गुण सांगताना मधुर, कोमल, घन, स्निग्ध असे शब्द वापरले आणि दोषांत रूक्ष, स्फुटित, निःसार, कृश, भग्न यांची गणना केली. स्फुटित आणि भग्न वेगळे मोजण्याइतका त्याचा कान तयार होता, याचे मला फार अप्रूप वाटते.

चौथी पायरी : नाक

गेंगाणा हा शब्द आपण दोन विरुद्ध गोष्टींसाठी वापरतो. एका माणसाच्या बोलण्यातली हवा नको तिथेही नाकातून जाते, कारण मऊ टाळू नाकाचा मार्ग पुरता बंद करत नाही. दुसऱ्याचे नाक सर्दीने चोंदलेले असल्यामुळे हवा हवी तिथेही नाकातून जात नाही आणि त्याचा ‘म’ हा ‘ब’सारखा, ‘न’ हा ‘द’सारखा ऐकू येतो. दोघांत फरक करण्याची चाचणी घरच्या घरी करता येते. ‘रघू घरी गेला, ताटे पुसली, पाटावर बसला’ या वाक्यात एकही अनुनासिक वर्ण नाही. ते एकदा नेहमीसारखे आणि एकदा नाक चिमटीत धरून म्हणायला सांगावे. आवाज बदलला तर हवा नाकातून निसटते आहे. तिथे गेंगाणा किंवा सानुनासिक हा शब्द योग्य. मग ‘मामीने मनूला नाणे मोजून मागितले’ हे वाक्य नाक मोकळे ठेवून म्हणायला लावावे. तेच नाक धरल्यासारखे ऐकू आले, तर ‘नाक चोंदलेला आवाज’ असे लिहावे आणि सर्दी ओसरल्यावर पुन्हा ऐकावे.

पाचवी पायरी : फेक

आवाज मोठा असणे आणि लांब पोहोचणे या वेगळ्या गोष्टी आहेत. खणखणीत म्हणजे स्वच्छ आणि ठसठशीत, प्रत्येक अक्षर वाजणारा. बुलंद आणि पहाडी यांत ताकद असते. शाहीर अमर शेख यांच्यासारख्या शाहिरांमुळे ‘पहाडी’ हा शब्द मराठी माणसाच्या कानात पक्का बसला आहे. खडा आवाज म्हणजे सरळ, न लवणारा, दूरवर जाणारा. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीवर रात्रभर चालणाऱ्या प्रयोगांना आणि खडी गंमत या विदर्भातल्या लोकनाट्याच्या शाहिरांना याच आवाजाची गरज असते. दबका, क्षीण, दबलेला हे दुसऱ्या टोकाचे शब्द. त्यांपैकी दबका आवाज माणूस मुद्दाम काढतो, क्षीण आवाज त्याच्या हातात नसतो.

भाव शेवटी का

कातर, कापरा, सद्गदित, दाटलेला, रडवेला, लाडिक, करडा, जरबेचा हे शब्द त्या घटकेचे आहेत. कथेत यांनाच सर्वाधिक काम असते आणि तिथे ते जरूर वापरावेत, मात्र त्यांच्याखाली पात्राचा मूळ आवाज वाचकाला आधीच माहीत असावा. किनऱ्या आवाजाची बाई करड्या आवाजात बोलली, तर ते खर्जातल्या आवाजाच्या माणसाच्या करडेपणापेक्षा निराळे ऐकू येते. कातर आणि कापरा यांतही भेद आहे: कातर आवाजात भीती किंवा हळवेपणा असतो, तर कापरेपण वयामुळे, थंडीमुळे किंवा आजारामुळेही येते.

नोंदीतून काय वगळावे

तोतरा, बोबडा, अडखळत हे बोलण्याविषयीचे शब्द आहेत, आवाजाविषयीचे नाहीत. हेलही वेगळा. ‘काऊन चिल्लावून राह्यला बे?’ हे वाक्य नागपूरकर ज्या हेलात म्हणतो, तो हेल किनऱ्या आवाजातही तोच राहतो आणि घोगऱ्या आवाजातही तोच. ‘गावंढळ आवाज’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा बोलणाऱ्याला बहुतेक वेळा उच्चार किंवा हेल खटकलेला असतो आणि आवाज निर्दोष असतो. हा शब्द माझ्या दृष्टीने अन्यायाचा आहे.

‘बायकी आवाज’ हाही तसाच. काही मुलांचा आवाज वयात आल्यावरही उंचच राहतो. वाचा-उपचाराने तो बहुधा खाली आणता येतो, पण त्याआधी या एका शब्दापायी ती मुले वर्गात तोंड उघडायचे बंद करतात. ‘वरच्या पट्टीतला, पातळ, स्वच्छ’ असे लिहिले तर माहिती पूर्ण मिळते आणि कोणाचा अपमान होत नाही.

प्रत्यक्ष नोंद

कळमना बाजारात संत्र्यांच्या लिलावात बोली पुकारणाऱ्या एका अडत्याची नोंद मी सरावासाठी केली होती, ती अशी: ‘मध्यम पट्टीतून वर चढवलेला, खडा, कोरडा आवाज. आकड्याच्या शेवटच्या अक्षरावर किंचित फाटतो. नाकात जात नाही. गलक्यातही वीस-पंचवीस पावलांवर आकडा स्पष्ट कळतो. लिलाव संपल्यावर चहाच्या टपरीवर पट्टी बरीच खाली येते, आवाज घोगरा होतो आणि वाक्याच्या शेवटी हवा निसटते.’ केवळ लिलाव ऐकून वर्णन केले असते, तर त्याचा घोगरेपणा हाती लागला नसता. एकाच माणसाला दोन प्रसंगी ऐकावे, असा आग्रह मी धरतो तो यासाठी.

दुसरी नोंद आमच्या एका ज्येष्ठ वाचिकेची: ‘स्त्रियांच्या मानाने खालची पट्टी, भर मध्यम, पोत नितळ, पण तासाभराने खरखर येते. संवाद वाचताना आवाज हलका कापतो, माहितीपर मजकुरात कापत नाही. इतिहास आणि नागरिकशास्त्र द्यावे. बैठक पाऊण तासापेक्षा लांबवू नये.’ शेवटच्या वाक्यामुळे ही नोंद कामाची झाली. वर्णनाला त्याचा उपयोग जोडला, की कोणते विशेषण ठेवायचे आणि कोणते गाळायचे हे आपोआप ठरते. तीन-चार विशेषणांच्या पुढे जाऊ नये. मधाळ, रेशमी, गोड, मंजुळ असे चार शब्द एकापुढे एक लिहिले तरी ते एकाच गोष्टीविषयी बोलतात आणि पट्टी, भर, फेक अंधारातच राहतात.

डॉक्टरांना सांगताना

आवाजाच्या तक्रारीत ‘आवाज खराब झाला’ एवढे सांगणे अपुरे पडते. आवाज तपासणारे तज्ज्ञही कानाने ऐकून गुण देतात. जपानमधील मिनोरू हिरानो यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या आणि आजही वापरात असलेल्या मोजपट्टीत एकूण बिघाड, खरखर, हवा निसटणे, अशक्तपणा आणि ताण या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते ३ असे गुण दिले जातात. आपणही याच अंगांनी सांगावे: आवाज खरखरतो की त्यात हवा आहे, बोलायला जोर लावावा लागतो का, सकाळी बरा असून संध्याकाळी बसतो का, मध्येच फुटतो का, गिळताना दुखते का आणि हे कधीपासून आहे. दिवसभर शिकवणाऱ्या शिक्षकांनी आणि फेरीवाल्यांनी आपले कामही आवर्जून सांगावे. घसा बसून तीन आठवडे उलटले आणि आवाज पूर्ववत झाला नाही, तर घरगुती उपायांवर न राहता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे. तंबाखू किंवा विडी-सिगारेटची सवय असेल तर तेवढेही थांबू नये. बरा असतानाचा आपला आवाज फोनवर ध्वनिमुद्रित केलेला असेल तर तो सोबत न्यावा, म्हणजे आधीचा आणि आताचा आवाज डॉक्टरांना लागोपाठ ऐकता येतो.